न्यू बिग ड्वार्फ (टोमॅटोचं वाण)

न्यू बिग ड्वार्फ हे टोमॅटोचं अमेरिकन सरळ वाण, म्हणजे बी धरून लावलं तरी पुन्हा तसंच येणारं. मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावच्या इसबेल बियाणे कंपनीनं ते 20व्या शतकाच्या सुरुवातीला विक्रीला आणलं. झाड साधारण दोन-तीन फुटांवर राहतं, खोड जाड, पानं गर्द हिरवी आणि सुरकुतलेली, आणि एवढ्याशा झाडाला फळ मात्र पाव किलो ते कधीकधी अर्धा किलोपर्यंतचं लागतं, गुलाबी, चपटं, भरपूर गराचं. बुटकं झाड आणि मोठं फळ हे दोन्ही एकत्र असलेली जुनी वाणं अगदी मोजकी, म्हणूनच याचं महत्त्व.

कधी आलं यावर एकमत नाही. काही ठिकाणी 1909 साल देतात, काही ठिकाणी 1915. आता एखादं वाण 1915च्या बियाण्यांच्या यादीत सापडलं तर त्याचा अर्थ इतकाच की तोपर्यंत ते विकायला आलेलं होतं, त्यामुळे 1909 किंवा त्याच्या आसपासचं साल धरणं जास्त बरं वाटतं. आईबापांबद्दल मात्र वाद फारसा नाही, पाँडेरोसा आणि ड्वार्फ चॅम्पियन यांचा क्रॉस हेच सगळीकडे सांगितलं जातं. पाँडेरोसा न्यूयॉर्कच्या पीटर हेंडरसन कंपनीनं 1891मध्ये आणलेला, भलंमोठं गुलाबी फळ, पण वेल उंच आणि पसरणारी. ड्वार्फ चॅम्पियन बहुधा 1880च्या दशकाच्या उत्तरार्धातला, झाड ताठ आणि ठेंगणं, फळ मध्यम.

ड्वार्फ चॅम्पियनच्याही मागे गेलं तर बहुतेक अभ्यासक फ्रान्समध्ये पोचतात. तिथल्या शातो द ले या वाड्याच्या बागेत 19व्या शतकाच्या मध्याला ताठ खोडाचं एक झाड मिळालं, तिथल्या माळ्याला त्याचं श्रेय देतात, आणि विलमोरँ या बियाणे कंपनीनं ते ‘ले’च्या नावानं पसरवलं. अमेरिकेतले ताठ, ठेंगणे टोमॅटो याच वंशातले असं साधारण मानतात. लक्षणं इतकी जुळतात की हे मत नाकारायला कारण दिसत नाही, तरी याला सिद्ध वंशावळ म्हणू नये, अंदाज म्हणावा.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो नीट सोडवायला हवा. कमी उंचीचा टोमॅटो म्हणजे सगळा एकाच प्रकारचा नसतो. बाजारातली बहुतेक झुडपी वाणं छोटी राहतात ती सहाव्या गुणसूत्रावरच्या ‘सेल्फ प्रूनिंग’ जनुकामुळे, त्यात शेंडा फुलांच्या काही गुच्छांनंतर थांबतो आणि फळं थोड्या दिवसांत एकदम येतात. हे लक्षण 1914मध्ये फ्लोरिडात सापडलं आणि येगर यांनी 1927मध्ये त्याचा अनुवंश मांडला. न्यू बिग ड्वार्फचं बुटकेपण वेगळं, ते दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘ड्वार्फ’ जनुकाचं. या जनुकातून जे एन्झाइम बनतं ते ब्रासिनोस्टेरॉइड हे वाढीचं संप्रेरक तयार करायला लागतं, त्यात बिघाड झाला की पेरं आखूड राहतात, पानं जाड होऊन सुरकुततात. शेंडा मात्र थांबत नाही, हळूहळू वाढतच राहतो आणि फळंही टप्प्याटप्प्यानं येत राहतात. मायक्रो-टॉम या कुंडीतल्या चिमुकल्या टोमॅटोत हे दोन्ही बदल एकत्र आहेत, म्हणून तो वीतभरच राहतो.

बुटकेपण अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून ते जनुक आलं तरच दिसणारं, असल्यामुळे उंच आणि बुटक्याच्या क्रॉसची पहिली पिढी सगळी उंच निघते, दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक बुटकं. फळाचा आकार मात्र एकाच जनुकावर ठरत नाही, वजनाचं एक जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर, फळातले कप्पे वाढवणारं ‘फॅसिएटेड’ अकराव्यावर, शिवाय इतरही. म्हणजे बुटकी झाडं सहज मिळतात, त्यातलं पाँडेरोसासारखं फळ देणारं झाड शोधायला बरीच रोपं वाढवावी लागतात आणि पुढे काही पिढ्या निवड करत राहावी लागते. इसबेलकडच्या निवडीमागची मेहनत यावरून कळते, आणि तिची फार कमी दखल घेतली गेलीये असं म्हणावंसं वाटतं.

2005च्या सुमारास अमेरिकेतले क्रेग लेहुलिये आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी हौशी बागाइतदारांना जोडून ड्वार्फ टोमॅटो प्रकल्प सुरू केला, त्यात सुरुवातीच्या बुटक्या पालकांमध्ये न्यू बिग ड्वार्फही होतं. आज मिळणारी मोठ्या फळाची बरीच बुटकी वाणं या प्रकल्पातली.

बियाण्यापासून लावणी इतर टोमॅटोसारखीच. बी पाव इंच खोल, माती 21 ते 27 अंश सेल्सिअस, उगवण साधारण आठवड्याभरात. मिशिगनसारख्या थंड भागात शेवटच्या दंवाच्या सहा-आठ आठवडे आधी घरात पेरतात. महाराष्ट्रात गच्चीवर करायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरची पेरणी बरी, कारण दिवसा 35 अंशांच्या वर गेलं किंवा रात्रीही उकाडा राहिला की मोठ्या फळाच्या वाणांची फुलं गळतात. रोपं ठेंगणी आणि सावकाश वाढणारी दिसतात, ती अशक्त समजून खत मारत बसू नये. उलट ट्रेमध्ये एखादं रोप बाकीच्यांपेक्षा सरळ उंच जाऊ लागलं, पानही गुळगुळीत असलं तर ते परपरागाचं (दुसऱ्या वाणाच्या परागानं झालेलं) किंवा मिसळलेलं बी, ते तिथेच काढून टाकावं. अप्रभावी लक्षणाचा हा मोठा फायदा, भेसळ फळ यायच्या आधीच ओळखता येते (दुसऱ्या बुटक्या वाणाशी झालेली भेसळ मात्र अशी दिसत नाही).

दोन झाडांत दीड-दोन फूट, कुंडी असेल तर 20 लिटरच्या आसपास. खोड ताठ असलं तरी फळांच्या वजनानं झाड कलतं, एक काठी पुरते. बगलफूट फारशी काढावी लागत नाही. पाणी कमीजास्त झालं की झाडातून फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं.

बी ठेवायचं तर पहिल्या बहरातली जोडफुलं, म्हणजे दोन-तीन एकत्र चिकटून उमललेली, टाळावीत, त्यांची फळं वेडीवाकडी होतात आणि परपरागाची शक्यताही थोडी जास्त. नंतरच्या साध्या फुलाला पातळ कापडी पिशवी बांधून मिळालेलं पूर्ण पिकलेलं फळ घ्यावं, गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवावा, तळाला बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवावं. कोरड्या, थंड जागी ते चार-पाच वर्षं सहज उगवतं.