जुन्या गाडीचा करंट : सुटे भाग बदलण्याआधी एवढं वाचा

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा कार्बोरेटरची मारुती 800 आमच्याकडे येते, तेव्हा बहुतेक वेळा तिची बॅटरी आधीच बदललेली असते. पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं. आमच्या अनुभवात जुन्या गाडीत भाग खराब निघण्यापेक्षा जोड खराब निघतात. म्हणून आम्ही आधी मोजतो आणि मगच पाना हातात घेतो. काय मोजतो, ते तुम्हालाही माहीत असावं.

पहिल्यांदा एवढंच बघा: सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' होतं किंवा इंजिन कण्हत फिरतं, की सेल्फ झोकात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिल्या दुखण्यात बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटरने 12.6 व्होल्ट दाखवले तर ती भरलेली आहे, 12.2 च्या आसपास असेल तर निम्मी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीत दम राहिलेला नाही. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग), त्याचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर आणि त्याला फिरवणारा पट्टा तपासावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात एक मारुती 800 ओढून आणली होती. बॅटरी नवी, सेल्फही नवा, तरी इंजिन कण्हत होतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर ठेवली, दुसरी थेट इंजिनवर आणि सेल्फ मारला. दीड व्होल्ट! तिथं 0.2-0.3 च्या वर काही दिसता कामा नये. बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी वरून धडधाकट होती, बोल्ट खोलल्यावर खाली हिरवी पूड निघाली. करंटला परतीची वाट मिळेना, म्हणून तो अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतत होता. केबलला हात लावला तर ती चांगलीच गरम! पॉलिश पेपरने जागा घासली, नवी पट्टी घट्ट आवळली, वर थोडं ग्रीस लावलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

दुसऱ्या दुखण्यात डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाकडे वळायचं. त्याच्या आत पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन संपर्क असतात. ते उघडतात त्या क्षणी कॉइलमधला (व्होल्ट वाढवणाऱ्या गुंडाळीतला) करंट तुटतो आणि प्लगला लागणारे हजारो व्होल्ट तयार होतात. उघडलेल्या पॉइंटमधली फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. फट कमी झाली की ठिणगी मरते. पॉइंट वारंवार जळत असतील तर नुसते पॉइंट बदलू नका, पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर तपासून घ्या. ठिणगी निळी, टपोरी हवी. पिवळी, बारीक असेल तर इंजिन मिसिंग मारणारच. प्लग बिस्किटाच्या रंगाचा आणि कोरडा असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त जातंय, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय.

पावसाळ्यात गाडी सकाळी रुसत असेल तर एक सोपी परीक्षा घरी करता येते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि हात न लावता, लांबूनच बघा. प्लगच्या वायरींवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या, तर करंट तिथून लीक होतोय. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ असली तरी कॅप बदलावी लागते.

सगळ्यात फसवं दुखणं तापलेल्या कॉइलचं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालते, घाटात बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ अडकली तरी हेच होतं. फरक कळतो तो गाडी बंद पडलेली असताना, तापलेली असतानाच ठिणगी बघितली तर. म्हणून अशी गाडी आम्ही दिवसभर ठेवून घेतो आणि स्वतः फिरवून बंद पाडतो. थंड गाडीत हा दोष सापडत नाही, आणि अंदाजाने कॉइल बदलणं आम्हाला पटत नाही.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. चार्जिंग बघण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका. डायनामोच्या काळातली ही सवय अल्टरनेटरचे डायोड जाळते. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीच लावू नका. तार वितळत नाही, मग वायरिंग पेटतं.

गाडी आणताना सांगा: ती थंड असताना बिघडते की तापल्यावर, पावसात की एरवीही, सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतात का. आधी बदललेले जुने भाग घरी असतील तर तेही घेऊन या. काढून ठेवलेला मूळ कंडेन्सर किंवा कॉइल मोजून चांगली निघाली, तर आम्ही तीच परत बसवतो.