जुलाबाचा उपचार सिस्टरच्या हातात कसा आला

उपकेंद्रात जुलाबाचं पेशंट आलं की नातेवाईक आजही पहिलं हेच म्हणतात, "सिस्टर, एक सलाईन लावा ना", आणि सिस्टरने ओआरएसची, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायच्या मीठ-साखरेची पुडी हातात दिली की चेहरा पडतो, एवढ्याने काय होणार म्हणून. खरं तर मागचा शंभर वर्षांचा इतिहास बघितला ना की कळतं ही पुडी केवढी मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची दहशत किती होती हे मरीआईच्या देवळांवरून कळतं, गावाच्या वेशीबाहेर गाडा नेऊन सोडायचे, कारण दुसरं हातात काहीच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचं पाणी द्यायला सुरुवात केली आणि मृत्यू कमी झाले, पण त्याला दवाखाना पाहिजे, सुई पाहिजे, निर्जंतुक बाटल्या पाहिजेत, शीर शोधणारा माणूस पाहिजे. म्हणजे ज्या गावात साथ यायची तिथे यातलं काहीच नसायचं. १९५३ मध्ये कोलकात्याच्याच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडाने मीठ-साखरेचं पाणी देऊन पटकीचे पेशंट बरे केल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. कारण ते का चालतं हेच माहीत नव्हतं. ते १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी सांगितलं, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. पुढे हेही कळलं की जुलाब चालू असतानाही हा रस्ता उघडा राहतो. सगळ्या ओआरएसचा पाया एवढाच आहे. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या पेशंटवर ते करून दाखवलं.

पण माझ्या मते खरा बदल झाला १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या सीमेजवळच्या बनगावला. बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमा ओलांडून आले, छावण्यांमध्ये पटकी पसरली, हॉस्पिटलच्या खोल्यांत पेशंट जमिनीवर उलट्या-जुलाबात पडलेले, आणि सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पिशव्या कोलकात्यात भरून आणल्या, पाण्यात कालवून नळ लावलेल्या पिंपांत भरल्या आणि नातेवाइकांना सांगितलं की पेला भरा आणि पेशंटला पाजत राहा. आधी ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू तिथे ३.६ टक्क्यांवर आले. पाजणारे कोण, तर आई, भाऊ, नवरा! नर्सिंगच्या दृष्टीने मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण इथून पुढे सिस्टरचं काम फक्त सुई लावण्याचं राहिलं नाही, घरच्या माणसाला शिकवणं आणि कोणाला पुढे पाठवायचं ते ओळखणं हे मुख्य काम झालं.

योगायोग असा की आपल्याकडे त्याच काळात एएनएमचं, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरचं कामही बदलत होतं. आधी त्यांच्याकडे मुख्यतः बाळंतपणं असायची, १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर त्या बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाल्या आणि लसीकरण, साथरोग, घरभेटी सगळंच त्यांच्याकडे आलं. जामखेडला तर डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम सुरू करून गावातल्या बायकांनाच तयार केलं, त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तरी जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं हे त्या घरोघरी शिकवायच्या. बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या बायकांनी १९८० पासून हेच केलं, चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, आणि त्यांचा पगार शिकवलेल्या आईला नंतर किती आठवतंय त्यावर ठरायचा. ही पद्धत मला जाम आवडते.

नंतरचे बदल भराभर सांगते. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) ओआरएसमधलं मीठ आणि ग्लुकोज कमी केलं, त्याने उलट्या आणि सलाईन लावायची वेळ दोन्ही कमी झालं. २००४ मध्ये ओआरएसच्या जोडीला झिंकच्या गोळ्या आल्या. २००५ नंतर आशाताई आल्या, २०१४ मध्ये अतिसार नियंत्रण पंधरवडा सुरू झाला.

आजची सिस्टर बाळ आल्यावर आधी बघते काय, तर डोळे खोल गेलेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू मागे जाते का, पाणी अधाशासारखं पितंय की गळून पडलंय आणि पितच नाहीये. पीतच नसेल, शौचातून रक्त असेल तर लगेच पुढे पाठवायचं. बाकीच्यांना एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी, अर्धी नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्याचमच्याने. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला झिंकची २० मिग्रॅची गोळी चमच्यात पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. इथेच गाडी अडते, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या फडताळात जातात, म्हणून आशाताईला परत घरी जाऊन पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजाव्या लागतात. आणि दुकानात ओआरएस नाव लावून भरपूर साखरेची पेयं विकली जायची तो एक वेगळाच ताप होता, साखर जास्त झाली की जुलाब उलट वाढतात. त्यावर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, आता ठरलेल्या फॉर्म्युल्याशिवाय ते नाव वापरता येत नाही, पण घरात आधीपासून पडलेला डबा दाखवून "हेच चालेल ना" असं कोणी विचारलं तर नाही म्हणा आणि उपकेंद्रातून पुडी घ्या, ती फुकट मिळते.