ऑथेल्लोमधील रुमाल

विल्यम शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या शोकात्म नाटकातील हातरुमाल. व्हेनिस या इटालियन नगरराज्याचा सेनापती ऑथेल्लो हा मूर, म्हणजे काळ्या वर्णाचा आफ्रिकी; त्याने पत्नी डेस्डेमोनाला दिलेली ही पहिली भेट. रुमालावर स्ट्रॉबेरीचा कशिदा काढलेला आहे. नाटकाचा पहिला नोंदलेला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात झाला आणि ते १६२२ मध्ये प्रथम छापले गेले. रंगभूमीवरच्या वस्तूला प्रतीकाचे बळ कसे येते, हे शिकवताना जगभर याच रुमालाचा दाखला दिला जातो. या वस्तूला स्वतःचा असा ठरलेला अर्थ नाही. ती ज्याच्या हाती पडते तो आपला स्वभाव तिच्यात ओततो, म्हणून रुमालाचा प्रवास पाहिला की पात्रे उलगडत जातात.

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हाताखालच्या इयागोने ऑथेल्लोच्या मनात डेस्डेमोना आणि त्याचा नायब कॅसिओ यांच्याबद्दल संशय पेरलेला असतो. जेवणाला बोलवायला आलेल्या डेस्डेमोनाला ऑथेल्लो कपाळ दुखत असल्याचे सांगतो. व्यभिचारी बायकोच्या नवऱ्याला कपाळी शिंगे फुटतात, या त्या काळच्या समजुतीचा रोख त्यामागे आहे. तिला मात्र ते कळत नाही. ती आपल्या रुमालाने त्याचे कपाळ बांधू पाहते, तो रुमाल फार लहान असल्याचे सांगून नको म्हणतो आणि रुमाल खाली पडतो. एरवी ज्याचे चुंबन घेत, ज्याच्याशी बोलत ती बसते, तो रुमाल ती नवऱ्याच्या दुखण्यापुढे विसरते. तिच्या प्रेमाचा याहून मोठा पुरावा साऱ्या नाटकात नाही. पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा होतो तोही हाच आणि त्यावरून ऑथेल्लो तिचा जीव घेतो.

डेस्डेमोनाची सोबतीण एमिलिया तो रुमाल उचलते. नवऱ्याने, म्हणजे इयागोने, तो चोरून आण म्हणून तिच्यामागे शंभरदा लकडा लावलेला असतो. का हवा आहे हे तिला ठाऊक नसते, पण त्याला खूश करण्याची ओढ असते. पुढे डेस्डेमोना रुमाल शोधत विचारते तेव्हा आपल्याला माहीत नसल्याचे ती सांगते. माझ्या मते ते उत्तर हा नाटकातला सर्वांत जड क्षण आहे. दुष्टपणा तिच्यात नाही, आहे ती नवऱ्याची मर्जी राखण्याची सवय. तीच सवय शेवटच्या प्रवेशात ती मोडते, सर्वांसमक्ष सत्य सांगते आणि इयागोच्या हातून मरते.

इयागोला रुमालाबद्दल कसलीही माया नाही. हवेइतक्या हलक्या गोष्टीही मत्सरी माणसाला धर्मवचनाइतक्या पक्क्या वाटतात, हे त्याचे सूत्र. तो रुमाल कॅसिओच्या खोलीत टाकतो आणि कॅसिओला त्याने दाढी पुसताना पाहिल्याचे ऑथेल्लोला सांगतो. कॅसिओला नक्षी आवडते, म्हणून तो आपल्या प्रेयसीला, बियांकाला, तशीच उतरवून द्यायला सांगतो. बियांकाला त्यात दुसऱ्या बाईची खूण दिसते आणि ती रुमाल त्याच्या अंगावर भिरकावते. रुमाल तिच्या हाती असताना तिलाही तोच मत्सर जाळतो, पण ती मनातले तोंडावर बोलून मोकळी होते. ऑथेल्लो ते वेळीच करत नाही. तो आडून पाहतो आणि डोळ्यांनी दिसलेल्याला सत्य मानतो.

रुमालाच्या उगमाच्या दोन हकिकती ऑथेल्लोच सांगतो, हे वाचकांच्या सहसा नजरेतून सुटते. तिसऱ्या अंकात तो डेस्डेमोनाला सांगतो, की हा रुमाल एका इजिप्शियन जादूगारिणीने आपल्या आईला दिला. दोनशे वर्षांच्या सिबिलने, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईने, तो विणला, पवित्र किड्यांनी त्याचे रेशीम काढले आणि ममीच्या, म्हणजे जतन केलेल्या प्रेताच्या, अर्कात तो रंगवला. तो हरवला तर नवरा विटेल, असा त्याचा गुण. शेवटच्या अंकात मात्र तो म्हणतो, की ही बापाने आईला दिलेली जुनी भेट होती. पहिली कहाणी त्याने बायकोला धाक घालायला रचली, की दुसऱ्या वेळी परक्यांपुढे जादूटोण्याचा उल्लेख टाळला? नाटक उत्तर देत नाही. पहिल्या अंकात डेस्डेमोनाला जादूने वश केल्याचा आरोप याच माणसावर झाला होता आणि त्याने तो शांतपणे फेटाळला होता. मत्सर चढल्यावर तीच जादू तो स्वतः पुढे करतो. इयागोपेक्षा व्हेनिसनेच त्याला कसे घडवले, हे इथे दिसते.

शेक्सपिअरने कथानक जिराल्दी चिंथिओच्या १५६५च्या इटालियन कथेवरून घेतले. तिथे खलपुरुष स्वतःच रुमाल चोरतो, तोही आपल्या लहान मुलीला कडेवर घेतलेल्या डेस्डेमोनाजवळून. तिथल्या रुमालावर मूर पद्धतीची नक्षी आहे, स्ट्रॉबेरी नाही. चोरीऐवजी रुमाल हातून पडणे हा शेक्सपिअरचा बदल आहे, आणि त्यामुळे दोष एकट्या खलनायकाचा राहत नाही.

स्ट्रॉबेरीबद्दल मतभेद आहेत. युरोपीय चित्रपरंपरेत हे फळ येशूची आई मेरी हिच्या पावित्र्याशी जोडले जाई, तसेच त्याच्या पानांआड साप दडतो असेही म्हणत. लिंडा बूझ यांनी १९७५ मध्ये पांढऱ्यावरचे लाल ठिपके म्हणजे विवाहरात्रीच्या चादरीची प्रतिमा, असा अर्थ लावला. डेस्डेमोना अखेरच्या रात्री लग्नातल्याच चादरी पलंगावर घालायला सांगते, त्यामुळे तो पटतो. इयन स्मिथ यांनी २०१३ मध्ये मात्र ममीच्या काळपट अर्काकडे बोट दाखवून रुमाल काळा असावा असे मांडले. संहितेत रुमालाचा रंग पांढरा असल्याचे कुठेही म्हटलेले नाही, हे त्यांच्या बाजूने मान्य करावेच लागते.

टॉमस रायमर या समीक्षकाने १६९३ मध्ये एका रुमालावर एवढे रामायण कशासाठी, अशी नाटकाची खिल्ली उडवली. त्याच्या आक्षेपाचा विषय क्षुल्लकपणा होता, पण तीच तर नाटककाराची निवड आहे. रॉसिनीच्या १८१६च्या ऑपेरात रुमालाऐवजी पत्र आहे. पत्रात मजकूर असतो, त्यामुळे ते चुकीचे वाचले गेले तरी वाचायला काहीतरी असते. कोऱ्या रुमालावर ऑथेल्लो सगळा मजकूर स्वतःच लिहितो. व्हेर्दीने १८८७च्या आपल्या ऑपेरात रुमाल परत आणला.

मराठीत हे नाटक प्रथम आले ते महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांच्या १८६७च्या भाषांतरातून. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे (१८९०) ते रंगभूमीवर रुजले आणि त्यात गणपतराव जोशींची भूमिका गाजली. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओमकारा’ (२००६) या हिंदी चित्रपटात रुमालाच्या जागी कमरबंद आहे. घराण्याची ठेव आणि बाईच्या अंगावरचा दागिना हे दोन्ही अर्थ त्यात भारतीय प्रेक्षकाला लगेच कळतात. खानदानी ठेव म्हणून त्याची किंमत आधीच सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे मूळ रुमालाचा तो साधेपणा मात्र तिथे उरत नाही.