लाब्लाश ‘बास’ होता म्हणजे नेमकं काय?

एकोणिसाव्या शतकातला ऑपेरा गायक लुईजी लाब्लाश याच्या नावापुढे सगळीकडे ‘बास’ लिहिलेलं सापडतं आणि घोळ तिथंच सुरू होतो. (हा शब्द दिसला की आपल्याला आधी ‘बास, पुरे’ आठवतं, पण इथं मुद्दा खर्जातल्या पुरुषी आवाजाचा आहे.) आज ऑपेरात खालचे पुरुषी आवाज दोन खणांत ठेवतात, सगळ्यात खालचा तो बास आणि त्याच्या जरा वरचा, मधला तो बॅरिटोन. लाब्लाश रंगमंचावर आला तेव्हा हे खण पक्के झाले नव्हते.

सुरुवातीचं थोडक्यात सांगता येईल. जन्म 1794, नेपल्स. वडील फ्रेंच व्यापारी, आई आयरिश. तिथल्या संगीतशाळेतून तो पाच वेळा पळाला असं सांगतात. 1809 मध्ये संगीतकार हायडनच्या निधनानंतर मोझार्टचं ‘रेक्विएम’ (मृतांसाठीची प्रार्थना) गायलं गेलं, त्यात हा मुलगा वरच्या, आल्टो आवाजात होता. मग आवाज फुटला आणि थेट तळाला गेला. 1812 मध्ये नेपल्सच्याच एका छोट्या नाट्यगृहात तो स्थानिक बोलीतल्या विनोदी भूमिका करू लागला. त्यापुढे पालेर्मो, मिलान, व्हिएन्ना. 1827 मध्ये बेथोव्हेन गेल्यावर व्हिएन्नात पुन्हा तेच ‘रेक्विएम’ झालं, यावेळी लाब्लाश बासच्या जागी. त्याच वर्षी शूबर्टनं तीन इटालियन गाणी त्याला अर्पण केली.

1830 पासून तो लंडन आणि पॅरिसचा झाला, आणि शब्दाचा गुंता खरा दिसतो तो इथं. 24 जानेवारी 1835 ला पॅरिसमध्ये बेलिनी या संगीतकाराच्या ‘ई पुरितानी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्यात जॉर्जोच्या भूमिकेत लाब्लाश आणि रिकार्दोच्या भूमिकेत दुसरा गायक, ताम्बुरिनी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघांचं तुतारीच्या साथीनं द्वंद्वगीत आहे. ते ऐकून संगीतकार रॉसिनीनं इटलीतल्या परिचिताला कळवलं की या दोन बासांच्या गाण्याचं वर्णन काय करू, त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचलाच असेल. दोन बास! आज रिकार्दोसाठी बासला कुणी बोलावणार नाही, ती बॅरिटोनची भूमिका मानली जाते. ताम्बुरिनीचा गळा वरच्या अंगाचा, हलका, ताना घेणारा. लाब्लाशचा भरीव आणि खालचा. फरक ऐकणाऱ्याला कळत होता, पण शब्द एकच होता.

हे इतकी वर्षं चाललं याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे काळी एक की काळी दोन हे गायक सांगतो आणि तंबोरे त्याप्रमाणे लागतात. तिथं वाद्यवृंद सगळ्यांचा एक, म्हणून रचनाकार आधी हाताशी असलेले गळे बघायचा आणि मग भूमिका लिहायचा. बेलिनीनं रिकार्दो लिहिला तो ‘बॅरिटोन’साठी नव्हे, ताम्बुरिनीसाठी. याच ऑपेराची एक आवृत्ती त्यानं नेपल्ससाठी केली, तिच्यात रिकार्दो चक्क टेनरला, म्हणजे उंच पुरुषी आवाजाला, दिला आणि ते गाजलेलं द्वंद्वगीत काढून टाकलं. (त्या गाण्यात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द होता आणि इटलीतल्या सेन्सॉरला तो चालणारा नव्हता, हेही विसरू नये.) ती आवृत्ती तेव्हा रंगमंचावर आलीच नाही, 1986 पर्यंत पडून राहिली. म्हणून जुन्या पात्रयादीतल्या ‘बास’ला आजचा अर्थ चिकटवणं मला चुकीचं वाटतं. 1843 च्या दोनिझेत्तीच्या ‘डॉन पास्क्वाले’ या ऑपेरातही हेच. म्हातारा पास्क्वाले लाब्लाश, डॉक्टर मालातेस्ता ताम्बुरिनी. दोघं मिळून शब्दांची जी भरधाव फैर झाडतात ती आज एक बास आणि एक बॅरिटोन गातात.

या भूमिकेमुळे लाब्लाशवर ‘विनोदी बास’ असा शिक्का बसला. तो अपुरा आहे. पुरितानीतला जॉर्जो गंभीर आहे, आणि त्याच वर्षी त्यानं दोनिझेत्तीच्या ऑपेरात देहदंड झालेला व्हेनिसचा दोजे (तिथला राज्यप्रमुख) उभा केला. पण त्याच्या देहाचा आकार लोकांच्या डोळ्यात भरायचा. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’त नोकर लेपोरेल्लोच्या भूमिकेत तो मासेत्तो या शेतकऱ्याला काखेत मारून चालू लागायचा म्हणे. 1847 मध्ये लंडनला व्हेर्दीच्या ‘ई मास्नादिएरी’त तो कोठडीत उपासमारीनं खंगलेला बाप झाला. त्याला न जमणारं जवळपास एकमेव काम त्याच्याकडे आलं, असं नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानंच लिहून ठेवलंय.

खण कसे पडत गेले ते या प्रयोगात दिसतं. थकलेला बाप बासकडे, कपटी मुलगा बॅरिटोनकडे. व्हेर्दीला वरच्या पट्टीत ताणलेला, संतापलेला पुरुषी आवाज हवा होता. चार वर्षांनी ‘रिगोलेत्तो’ आला आणि मधला आवाज नायक झाला. बासच्या वाट्याला बाप, राजे, धर्मगुरू आणि मारेकरी उरले. ताम्बुरिनीच्या जुन्या भूमिका बॅरिटोनकडे गेल्या. मिलानमध्ये लाब्लाशनं गायलेला, रॉसिनीच्या ‘ला चेनेरेन्तोला’तला दान्दिनीही आज त्यांचाच मानला जातो.

1849 मध्ये शोपँच्या अंत्यविधीत त्यानं ‘रेक्विएम’ आणखी एकदा गायलं. पुढे इंग्लंडची राणी झालेल्या राजकन्या व्हिक्टोरियाला त्यानं गाणं शिकवलं होतं. 23 जानेवारी 1858 ला नेपल्समध्येच तो गेला. ध्वनिमुद्रणाला अजून जवळपास वीस वर्षं होती. पुढच्याच वर्षी फ्रान्स सरकारनं वाद्यं जुळवण्याचा चढत चाललेला सूर कायद्यानं सेकंदाला 435 कंपनांवर बांधला, म्हणजे लाब्लाशच्या हयातीत तो पक्का नव्हता. त्यामुळे छापील स्वरलिपीतला त्याचा सगळ्यात खालचा स्वर दिसतो, पण एखाद्या रात्री तो नेमका किती खाली वाजला असेल, हे कागदावरून ठरवता येत नाही.