पासष्ट इंची टीव्ही आणि नाण्याएवढी निळी चकती

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या मामांनी मागच्या दिवाळीला ६५ इंची टीव्ही घेतला, सोबत साउंडबार, भिंतीचं ब्रॅकेट, सगळं मिळून सव्वा लाखाच्या वर गेलं, आणि जूनच्या पहिल्याच वादळात एका संध्याकाळी तो गेला. "जवळच कुठेतरी वीज पडली रे, त्यानं उडाला," मामा फोनवर म्हणाले, आणि अख्खी कॉलनी तेच म्हणत होती. मामी मात्र वेगळंच सांगत होती. आधी ट्यूबलाइट एकदम पांढरीफटक झाली, पंखा भणाणत फिरायला लागला, मग जळका वास आला, आणि गंमत म्हणजे समोरच्यांकडे त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. हे ऐकल्यावर मी मामांना म्हटलं, मामा, ही आकाशातली वीज नाही, हा खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची तार, तुटलाय.

यावर सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण टीव्ही घेताना लोक दुकानात दोन-दोन तास उभे राहतात, ओएलईडी की क्यूएलईडी, किती निट्स, किती हर्ट्झ, आणि घरी आल्यावर लाखाची वस्तू दोन-तीनशे रुपयांच्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसतात. मामांनीही जेल रोडवरून तसाच एक बोर्ड आणला होता, वर "स्पाइक गार्ड" छापलेलं, दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, इसके रहते टीवी को कुछ नहीं होगा." मी तो बोर्ड उघडला. आत तांब्याच्या तीन पट्ट्या, एक लाल दिवा, आणि दोन पायांची निळ्या रंगाची चकती, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान. तिचा अर्धा भाग काळा पडलेला, मधून तडा गेलेला आणि आजूबाजूच्या प्लास्टिकवर काजळी. बोर्डाचा लाल दिवा मात्र अजूनही छान लागत होता, कारण त्याचा चकतीशी काही संबंधच नसतो, लाइट आहे एवढंच तो सांगतो.

माझा सगळा जीव या चकतीत आहे, तेव्हा तिच्यावर जरा जास्त वेळ घेतो.

हिला मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर म्हणतात, मेकॅनिक लोक नुसतं एमओव्ही म्हणतात, सुटी घेतली तर अगदी स्वस्तात मिळते. मुख्य मसाला झिंक ऑक्साइड, म्हणजे कॅलामाइन लोशनमध्ये असतो तोच पांढरा पदार्थ. त्यात थोडं बिस्मथ ऑक्साइड, किंचित कोबाल्ट, मँगनीज वगैरे घालून दाबून चकती करतात आणि १२०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. भाजल्यावर आत काय होतं ते डोळ्यांसमोर आणायचं असेल तर राजगिऱ्याचा लाडू आठवा. राजगिऱ्याचे दाणे म्हणजे झिंक ऑक्साइडचे कण, एकेक साधारण १०-२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दाण्यांना धरून ठेवणारा गुळाचा पातळ पाक म्हणजे बिस्मथवाला थर. दाण्याच्या आतून करंट मजेत जातो, पण दोन दाण्यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि एक भिंत तयार होते. ही भिंत साधारण ३ व्होल्टपर्यंत कोणाला पलीकडे जाऊ देत नाही, त्याच्या वर गेलं की जवळजवळ पूर्ण कोसळते, आणि व्होल्टेज उतरलं की परत जशीच्या तशी उभी राहते! मला हे बीएस्सीला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती.

आता एका भिंतीचे ३ व्होल्ट, तर १४० भिंती एकामागे एक आल्या की चारशे-सव्वाचारशे व्होल्ट. १५ मायक्रॉनचे १४० दाणे म्हणजे झाली २ मिलिमीटर जाडी. चकती जाड केली की ती जास्त व्होल्टेजला उघडते, रुंद केली की जास्त करंट सोसते, इतकं सोपं. आपल्या घरगुती २३० व्होल्टसाठी जी चकती लावतात तिच्यावर बहुतेक ४३१ असा आकडा असतो, म्हणजे ४३ वर एक शून्य, ४३० व्होल्ट. आपलं २३० हे सरासरीच्या भाषेतलं, लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून रोजच्या लाइटला चकती डोळे मिटून पडलेली असते आणि वरून आगंतुक धक्का आला तरच जागी होते.

जागी होते म्हणजे किती, ते गणितात बघण्यासारखं आहे. शाळेत आपण ओहमचा नियम शिकलो, व्होल्टेज १० टक्के वाढलं तर करंट १० टक्के वाढतो. इथे करंट व्होल्टेजच्या मोठ्या घाताने वाढतो, म्हणजे व्होल्टेज स्वतःशीच पुन्हा पुन्हा गुणल्यासारखा, आणि तो घातांक, म्हणजे किती वेळा गुणायचं तो आकडा, ३० च्या पुढेसुद्धा असतो. ३० धरला तर व्होल्टेज १० टक्के वाढलं की करंट १७ पट, आणि २० टक्के वाढलं की २३७ पट. म्हणजे धक्का जितका जोरात येईल तितका मोठा दरवाजा चकती उघडते, सगळा लोंढा स्वतःमधून वळवते, आणि हे काही नॅनोसेकंदांत, सेकंदाच्या अब्जाव्या भागांच्या हिशोबात. टीव्हीपर्यंत पोचतं ते कापलेलं व्होल्टेज. ते काही २३० वर येत नाही, मध्यम धक्क्यात ७०० च्या आसपास आणि मोठ्यात त्याहून वर राहतं, पण तेवढं क्षणभर टीव्हीचा पॉवर सप्लाय सोसतो. मिचिओ मात्सुओका नावाच्या जपानी संशोधकाने मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, हे शोधून काढलं आणि १९७१ साली त्यावरचा शोधनिबंध आला. त्याआधी याच कामाला सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या वापरत, त्यांचा घातांक पाचाच्या आसपास, म्हणजे दरवाजा फार आळशीपणे उघडायचा.

मग इतकी गुणी चकती मामांच्या बोर्डात होती तरी टीव्ही का गेला, खरी गोष्ट इथे आहे.

१४ मिलिमीटरची साधी चकती एका धक्क्यात साडेचार हजार अँपिअर सोसू शकते, आकडा ऐकून छाती फुगते, पण हे फक्त २० मायक्रोसेकंदांसाठी, सेकंदाचा पन्नास हजारावा भाग. सतत किती उष्णता सोसेल हे तिच्या माहितीपत्रकात बघा, तिथे लिहिलेलं असतं ०.६ वॅट. पूर्ण एक वॅटसुद्धा नाही! चकती बनलीये झटक्यासाठी, चालू राहणाऱ्या जास्त व्होल्टेजसाठी बनलेलीच नाही. आणि आपल्याकडे टीव्ही, फ्रिज मारणारी गोष्ट बऱ्याच वेळा ही दुसरीच असते.

तुमच्या गल्लीत खांबावरून चार तारा येतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. एका घराला एक फेज, समोरच्याला दुसरा, आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये मोजलं तर ४००. आता वाऱ्यानं, नाहीतर जुना सांधा सैल होऊन खांबावरचा न्यूट्रल तुटला तर दोन्ही घरांना परतीची वाट राहत नाही, मग समोरचं घर आणि आपलं घर एकाच माळेतल्या दोन दिव्यांसारखी ४०० व्होल्टवर लागतात. समजा समोर एसी वगैरे धरून २००० वॅटचा लोड आहे आणि आपल्याकडे टीव्ही, पंखा, एक ट्यूब मिळून २००. लोड कमी म्हणजे रेझिस्टन्स जास्त, दहापट जास्त, आणि माळेत ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. हिशोब केला तर समोर ३६ व्होल्ट आणि आपल्याकडे ३६४! (तिसरा फेज सोडून दिलाय, तो घेतला की गणित लांबतं, मुद्दा तोच राहतो.) म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखं सगळं बंद ठेवून फक्त टीव्ही लावला त्यांचाच टीव्ही जातो, आणि समोरच्यांकडे दिवे मिणमिणतात. मामींनी नेमकं हेच बघितलं होतं.

३६४ व्होल्टचा माथा ५१४ वर जातो. चकती ४३० ला उघडते, म्हणजे ती आता सेकंदाला १०० वेळा उघडायला लागली, काही क्षणांत लालभडक तापली आणि फुटली. तिच्यामागे टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये ४५० व्होल्टपर्यंतच सोसणारा मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, बसलेला होता, त्याला आता राखणदार उरला नाही. मेकॅनिकने मागचं झाकण काढलं तेव्हा त्याचं डोकं फुगून फाटलेलं होतं, बोर्डभर पिवळट चिकट काहीतरी. पॅनल वाचलं हे नशीब, नुसता पॉवर बोर्ड बदलून काम झालं. पण व्होल्टेजने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच, घेताना वाचा.

तर इलाज दोन वेगवेगळे लागतात. झटक्याला चकती. टिकून राहणाऱ्या जास्त व्होल्टेजला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, जो मेन बोर्डात एमसीबीच्या, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणांच्या, रांगेत बसतो, वर आकडा दाखवतो, आणि तुम्ही ठरवलेल्या मर्यादेबाहेर, समजा २७० च्या वर किंवा १८० च्या खाली गेलं की घराची लाइट तोडतो, सगळं ठीक झाल्यावर थोडं थांबून जोडतो. त्यात आतून रिले, म्हणजे विजेवर हलणारा स्विच आहे, त्याला तोडायला काही मिलिसेकंद तरी लागतात, म्हणून तो झटक्याला पकडू शकत नाही, आणि चकती याचं काम करू शकत नाही. दोन्ही हवेत. स्टॅबिलायझरचं विचाराल तर आजच्या टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर बघा, बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी व्होल्टेज तो स्वतःच सांभाळून घेतो, त्यामुळे फक्त व्होल्टेज चढवायला स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही, घेतलाच तर हाय कट-ऑफवाला, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की लाइट तोडणारा घ्या.

आता खऱ्या आकाशातल्या विजेबद्दल, कारण आमच्या इंदूरकडच्या मालव्यात तिला हलकं घेऊन चालत नाही, विजेने जाणाऱ्या माणसांच्या सरकारी आकड्यांत मध्यप्रदेश वर्षानुवर्षं सगळ्यात वरच्या राज्यांत असतो. विजेच्या एका लोळात साधारण ३० हजार अँपिअर असतात. ती थेट घरावर पडली तर कुठलीही चकती टीव्ही वाचवू शकत नाही, जो दुकानदार वाचेल म्हणतो तो खोटं बोलतोय. पण शंभर मीटरवर पडली तरी घरातल्या तारांमध्ये चुंबकीय क्षेत्राने शेकडो व्होल्ट उठू शकतात, आणि ते फक्त प्लगमधून येत नाहीत. गच्चीवरच्या डिशची केबल, इंटरनेटची तांब्याची तार, यांतून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने थेट टीव्हीच्या पोटात. एचडीएमआयची चिप ५ व्होल्टच्या जगात राहणारी, तिला शेकडो कुठून सोसणार. म्हणून गडगडाट सुरू व्हायच्या आधी प्लग काढा आणि डिशची केबलसुद्धा काढा. डोक्यावर कडकडत असताना मात्र तिकडे जाऊ नका, टीव्ही परत घेता येतो. ओएलईडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तो टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये थोडा वेळ स्वतःचे पिक्सेल तपासून सारखे करत असतो, तेव्हा रोज रात्री लगेच बोर्डाचं बटण बंद करायची सवय त्याला चांगली नाही, वादळाच्या दिवसाची गोष्ट वेगळी.

या भानगडीत शेजारच्या आजींनी मामींना सांगितलं की घरात पायाळू मूल आहे म्हणून वीज ओढली गेली. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं, आणि तो पोरगा दहा वर्षांचा, तेव्हापासून ढग आले की पलंगाखाली जाऊन बसतो. मला याचा फार राग येतो. वीज कुठे उतरायची हे उंची, टोक आणि जमिनीपर्यंतची वाट यावर ठरतं, आईच्या पोटातून तुम्ही कसे बाहेर आलात याची तिच्याकडे नोंद नसते. मी त्याला समोर बसवून फुटलेली चकती हातात दिली, भिंगातून दाखवली, आता ती त्याच्या कंपासपेटीत आहे. आणि अंधश्रद्धा फक्त आजींकडेच असते असंही नाही, पाच हजारांची सोन्याच्या मुलाम्याची एचडीएमआय केबल लावली की रंग गडद होतात, हे शोरूममधला टाय घातलेला मुलगा सांगतो तीही तीच. सिग्नल शून्य-एकचा आहे, तो धड पोचतो किंवा पोचत नाही, रंग गडद कुठून होणार.

अर्थिंगचं राहिलंच. मोठ्या प्रोटेक्टरमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही जोड्यांमध्ये चकत्या असतात, त्यातल्या अर्थवाल्या चकत्यांना लोंढा जमिनीत सोडायला खरी अर्थिंग हवी. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, कोरडी होते, रेझिस्टन्स वाढतो, आणि नेमकी तेव्हाच वादळं येतात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायची जुनी पद्धत अगदी बरोबर आहे. तिसऱ्या पिनेत खरंच अर्थ आहे का ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या, मामांकडे ती तारच जोडलेली नव्हती, आठ वर्षं कोणाला माहीत नाही.

आता मामांकडे प्रोटेक्टर बसलाय, अर्थिंग नवीन झाली, चकतीवाला चांगला बोर्ड आहे ज्याचा वेगळा हिरवा दिवा चकती मेली की विझतो. परवा रात्री नऊला त्यांचा फोन, "अरे खटकन सगळं बंद झालं, आकडा लुकलुकतोय, २९४ दाखवतोय, बटण दाबून चालू करू का?" मी म्हटलं मामा, बिलकुल हात लावू नका, आधी समोरच्यांना विचारा त्यांच्याकडे मंद आहे का. ते गॅलरीत गेले, ओरडून विचारलं, मला फोनवर पलीकडचा आवाज ऐकू आला, "हो हो, पंखा फिरतच नाहीये!" तक्रार लिहवली, समोरच्यांना फ्रिज आणि एसी बंद करायला सांगितलं, साडेदहाला लाइनमन खांबावर चढला आणि न्यूट्रलचा सांधा परत बांधून गेला. आकडा २३८ वर आला, टीव्ही लागला.