कोडेक परवाना

कोडेक परवाना : चित्रफितीतील माहिती दाबून साठवणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. ती पेटंटने बांधलेली असेल, तर वापरासाठी पेटंटधारकांची परवानगी लागते. ती बहुधा कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर विकणारी कंपनी घेते. वापरणाऱ्याला तिचा पत्ता लागतो तो ती नसते तेव्हाच.

इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. मराठी घरांतली पोरं ती मिरवणूक फोनवर टिपतात. सकाळी फाइल संगणकावर उघडावी, तर ढोलताशा ऐकू येतो आणि पडदा काळा. मग केबल बदलतात, मेमरी कार्ड पुसतात. फाइल मात्र धडधाकट असते; संगणकावर नसतो तो तिच्या कोडेकाचा परवाना. ‘एमपी४’ हे नुसते डब्याचे नाव, आत एच.२६४ हे जुने कोडेक आहे की एचईव्हीसी हे नवे, हे झाकणावरून कळत नाही.

एच.२६४ (२००३) सर्वदूर रुजले, कारण त्याची बरीचशी पेटंटे एमपीईजी एलए या एकाच परवाना-समूहाकडून एकत्र मिळत. एचईव्हीसी (२०१३) त्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. पण तिथे एमपीईजी एलए, एचईव्हीसी अ‍ॅडव्हान्स आणि वेलॉस मीडिया असे तीन समूह उभे राहिले, शिवाय काही पेटंटधारक तिन्हींच्या बाहेर. आयफोनने २०१७ मध्ये ते स्वीकारले. विंडोजवर मात्र त्याचा जोड-घटक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विकत घ्यावा लागू लागला.

संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे जास्त जाचते. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विंडोजवर एच.२६४ उघडते, लिनक्सवर नाही. यंत्र तेच, फाइल तीच! फेडोरा या लिनक्सच्याच एका आवृत्तीने २०२२ मध्ये या दोन्ही कोडेकांचा ग्राफिक्स कार्डावरचा आधार आपल्या मूळ पॅकेजांतून काढला. तांत्रिक अडचण नव्हती, परवान्याची होती. आणि पडद्यावर ‘परवाना नाही’ असे कुणी स्पष्ट लिहीत नाही, हा मला खरा अन्याय वाटतो. सिस्को या कंपनीने मात्र २०१३ मध्ये शुल्क स्वतः भरून एच.२६४ साठीचे आपले ओपनएच२६४ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी फुकट देण्याचे जाहीर केले. फायरफॉक्स या ब्राउझरला त्याचा उपयोग झाला.

अडलेली फाइल एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने डीएनएक्सएचआर या संकलनासाठीच्या कोडेकात बदलता येते. ती कैक पटींनी फुगते, पण संकलनात सुरळीत चालते. मूळ फाइल जपूनच ठेवावी. आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास चित्रण एच.२६४ मध्ये होते. सेकंदाला ६० चौकटींचे ४के चित्रण मात्र त्यात मिळत नाही.