पड ठेवली म्हणून जुनी द्राक्षबाग शुद्ध होत नाही

‘बाग तोडा, तीन पावसाळे रान पड ठेवा, फवारणीचं विष आपोआप धुऊन जातं,’ हे पुणे जिल्ह्यात जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात सर्रास सांगतात. तसं होत नाही. एक टक्का बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) 100 लिटरमध्ये 1 किलो मोरचूद असतो, त्यात साधारण पाव किलो निव्वळ तांबं. ते कुजत नाही, उडून जात नाही. वरच्या वीतभर थरात साठत राहतं. डीडीटीसारख्या जुन्या कीटकनाशकांचं विघटन होतं खरं, पण त्याला दशकं लागतात.

माती तपासताना घोळ होतो तो नमुन्यात. अख्ख्या रानाची माती एकत्र कालवली की खराब जागा सरासरीत लपते. वेलीची ओळ, दोन ओळींमधला पट्टा आणि औषध कालवायच्या टाकीभोवतीची माती (बहुधा सगळ्यात वाईट हीच) वेगवेगळी घ्या, 0-15 आणि 15-30 सेंमी खोलीवरून. पितळी भांडं वापरू नका. नेहमीच्या चाचणीत फक्त पिकाला उपलब्ध तांबं कळतं. ‘एकूण तांबं’ आणि कीटकनाशकांचे अवशेष वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात.

चुनखडीच्या काळ्या मातीत तांबं बऱ्यापैकी जखडलेलं असतं. सामू (मातीचा pH) उतरवायला गंधक टाकलंत, तर तेच मोकळं होईल. कुजलेलं शेणखत मात्र जरूर घाला, ते तांबं धरून ठेवतं. डीडीटीचे अवशेष निघाले, तर तिथे भोपळा, गाजर लावू नका, ती पिकं हे अवशेष शोषून घेतात.